नवीन टाकलेला रूळ: खडी चिकटवायच्या आधी काय काय तपासू?

पारसिकचा_बोगदा | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, माझ्या मॉडेल रेल्वेचे रूळ टाकून झाले एकदाचे. कोपरीतल्या आमच्या घरी आतल्या खोलीत अडीच महिने जो पसारा मांडला होता, त्यातला शेवटचा जॉइनर (दोन रूळ जोडणारी क्लिप) आज दुपारी बसला. आई रोज विचारायची, "या खोलीत माणसाने पाऊल कुठे ठेवायचं?" आता निदान पलंगाखालचे खोके तरी बाहेर निघतील.

तपशील असा: आठ बाय चारचा १२ मिमी प्लाय, त्यावर कॉर्क, त्यावर कोड १०० चा (हा रुळाच्या उंचीचा आकडा) फ्लेक्स, म्हणजे हवा तसा वळवता येणारा रूळ. स्केल एचओ, म्हणजे १:८७. बाहेरून एक फेरी, आत एक लूप आणि कडेला तीन रुळांचं छोटं यार्ड. वळणाची त्रिज्या ५५० मिमी. गाडीचा रूळ बदलणारे पॉइंट पाच, त्यातले चार नवे आणि एक वापरलेला, एका गृहस्थांकडून घेतलेला. वीजपुरवठा डीसीसी, म्हणजे रुळांतून विजेबरोबर इंजिनाला डिजिटल आज्ञाही जातात.

संध्याकाळी चार चाकांचा शंटर (छोटं इंजिन) सोडला. वीस फेऱ्या मारल्या, यार्डात आत-बाहेर केलं, एकदाही घसरला नाही. चिरंजीव टाळ्या वाजवतायत, मी हवेत. उद्याच खडी पसरून फेव्हिकॉलचं पाणी सोडणार होतो, पण ड्रॉपर हातात घेतल्यावर धीर होईना. एकदा खडी चिकटली की रूळ काढायचा म्हणजे तो मोडूनच काढायचा.

त्यात यंदा हा लेआउट गणपतीच्या मखराभोवती मांडायचा बेत आहे. गणपती पाच दिवसांचा. घरात पाहुणे बसलेत, आरती चालू आहे आणि गाडी आडवी पडली आहे, असं व्हायला नको. तर खडीच्या आधी काय काय तपासायचं ते जाणकारांनी सांगा.

निवांत | शनिवार, रात्री ११:५८

वीस फेऱ्या मारल्या ना? मग टाका खडी. गाडी जिथे घसरेल तिथे बघता येईल. आपण छंद करतोय, कोकण रेल्वे बांधत नाही.

जाता जाता, तुमचं १६.५ मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर) गुणिले ८७ म्हणजे १४३५ मिमी. आपली ब्रॉडगेज १६७६ ची. ती १:८७ मध्ये हवी तर गेज सव्वाएकोणीस मिमीच्या आसपास लागेल. म्हणजे तुमची गाडी तशीही भारतीय नाहीच. हलके घ्या.

सानपाडा_साइडिंग | रविवार, सकाळी ७:१५

खऱ्या रेल्वेत नवी लाइन टाकली म्हणून लगेच प्रवासी गाडी सोडता येत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त येऊन पाहणी करतात, वेगाची चाचणी घेतात, मग मंजुरी मिळते. आणि गंमत म्हणजे हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली येतात. ज्याने रूळ टाकला त्यानेच पास करायचा नाही, हा त्यामागचा हेतू.

तुमच्या घरात आयुक्त कोण? टाळ्या वाजवणारे चिरंजीव चालणार नाहीत. वहिनींना नेमा.

पारसिकचा_बोगदा | रविवार, सकाळी ७:३२

तिने लेआउट पाहून एकच प्रश्न विचारला, "हे विसर्जनानंतर कुठे जाणार?" मंजुरी प्रलंबित आहे.

जुना_पीडब्ल्यूआय | रविवार, सकाळी ९:०५

मी रेल्वेत रुळांवरच नोकरी काढली, इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. आता नौपाड्यात नातवासोबत हाच खेळ मांडलाय. दोन गोष्टी सांगतो.

तुमचा शंटर पास झाला यात काही विशेष नाही. चार चाकं, आखूड अंग, तो कशावरूनही जातो. वर्गातल्या हुशार पोराला फळ्यापाशी बोलावून सगळा वर्ग हुशार ठरवण्यातला प्रकार आहे हा. परीक्षा घ्यायची तर तुमच्याकडच्या सगळ्यात लांब, सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात खोडकर डब्याची घ्या. तीही गाडी ओढत नेऊन नको. मागून ढकलत न्या.

पण त्याच्याही आधी गाडी कपाटात ठेवा. रूळ पहिल्यांदा डोळ्याने आणि बोटाने तपासायचा असतो.

रात्री खोलीतला दिवा घालवा. प्लायच्या कडेला हनुवटी टेकवा, एक डोळा मिटा आणि रुळाच्या दुसऱ्या टोकाला टॉर्च ठेवा. रुळाच्या माथ्यावर उजेडाची एक सलग रेघ दिसली पाहिजे. ती जिथे तुटते किंवा मोडते, तिथे सांधा वर-खाली आहे किंवा वळणात कोपरा झालाय. आम्ही लाइनवर ओणवं होऊन रूळ बघायचो तो असाच. दहा पावलांवरून न दिसणारी चूक रुळाला डोळा लावला की दिसते.

मग चिमूटभर कापूस घ्या आणि रुळाच्या आतल्या कडेवरून, जिथे चाकाची कड घासते तिथून, हलक्या हाताने ओढत न्या. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे खाच किंवा कंगोरा आहे. बारीक कानशीने दोन हात मारा. सांध्यापाशी रुळाच्या टोकाची आतली धार किंचित उतरती करून ठेवली तर चाक तिथे अडखळत नाही.

वळणाचं माप सवडीने लिहितो. नातू हाका मारतोय.

ओहमचा_नियम | रविवार, सकाळी ११:२०

काकांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

मी विजेकडून येतो. गाडी थांबते त्यात निम्म्या वेळा दोष विजेचा असतो आणि खापर रुळावर फुटतं. माझी पद्धत सांगतो.

सगळी इंजिनं रुळावरून उचला. डीसीसी चालू करा. पाच रुपयांचं पिवळं नाणं घ्या आणि दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. बूस्टरने (रुळांना डीसीसीची वीज देणारी पेटी) तत्काळ ट्रिप, म्हणजे बंद व्हायला हवं. नाणं उचललं की पुन्हा चालू. असं हात-दीड हातावर, यार्डातल्या प्रत्येक साइडिंगच्या (बाजूच्या रुळाच्या) टोकाशी, प्रत्येक पॉइंटच्या अलीकडे-पलीकडे करत जा. नाणं क्षणभरच टेकवायचं, दाबून बसायचं नाही.

जिथे नाणं टेकवूनही ट्रिप होत नाही, ती जागा धोक्याची. याचा अर्थ तिथे वीज पोचते, पण लंगडत. मधल्या ढिल्या जॉइनरच्या रोधामुळे करंट ट्रिपच्या मर्यादेपर्यंत चढतच नाही. उद्या तिथे गाडी घसरून चाकांनी शॉर्ट केला तर बूस्टरला पत्ता लागणार नाही, करंट चाकांतून वाहत राहील आणि प्लास्टिकची बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) मऊ होईल. माझी एक झालीय. वास अजून नाकात आहे.

म्हणून जॉइनरवर विजेसाठी विसंबू नका. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची फीडर वायर, म्हणजे मुख्य लाइनीतून वीज आणणारी तार द्या. खालून मुख्य लाइन १.५ स्क्वेअर एमएमची, घराच्या वायरिंगला वापरतात तीच. फीडर बारीक चालतो, पण आखूड ठेवा. डाग देताना राळेची पेस्ट वापरा. पत्र्याच्या कामातलं आम्ल लावलंत तर पावसाळ्यात सगळं हिरवं होईल.

दुसरी चाचणी दिव्याची. मोटारीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब आणा, वागळे इस्टेटमध्ये गॅरेजच्या आसपास कुठेही मिळेल. त्याच्या दोन वायरी रुळांना लावा आणि मल्टिमीटरने तिथलाच व्होल्टेज बघा. बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. नुसतं मीटर लावलं तर मरतुकडी जोडणीसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते, ओझं टाकल्यावर खरं कळतं. डीसीसीवर साध्या मीटरचा आकडा अचूक नसतो, पण आपल्याला ही जागा आणि ती जागा यातला फरकच बघायचाय.

खारघर_घाट | रविवार, दुपारी २:४८

मी एन स्केलवाली, म्हणजे १:१६० आणि ९ मिमी गेज. एचओवाले ज्या चुका पचवतात त्या आमच्याकडे थेट गाडी पाडतात.

तुम्ही रूळ भर पावसाळ्यात टाकलेत हे कुणी बोललं नाही. खारघरला आमच्या घरात जुलैमध्ये कपाटाची दारं लागत नाहीत, इतकी लाकडं फुगतात. प्लायसुद्धा थोडा ओल धरतो. आता रुळाची टोकं एकमेकांना घट्ट भिडवली असतील तर हिवाळ्यात कोरड्या हवेत प्लाय आकसेल, रूळ आकसणार नाही, आणि मग तो वाट मिळेल तिकडे वाकेल. माझ्या पहिल्या लेआउटवर डिसेंबरात एक सरळ रूळ सापासारखा झाला होता. मी आधी मुलीवर ओरडले की तूच हात लावला असशील. नंतर तिची माफी मागितली.

काही सांध्यांमध्ये पोस्टकार्डच्या जाडीएवढी फट सोडा आणि ते सांधे सोल्डर करू नका. प्लायची खालची बाजू आणि कापलेल्या कडा रंगवल्या आहेत ना?

पारसिकचा_बोगदा | रविवार, दुपारी ३:१०

ताई, वरची बाजू रंगवली. खालची नाही. कडाही नाहीत. आता लेआउट उलटा कसा करू?

खारघर_घाट | रविवार, दुपारी ३:१४

उलटा करू नका. खाली चटई टाका, डोळ्यांना चष्मा लावा आणि झोपून ब्रश मारा. रंग तोंडावर पडतो. मी केलंय.

जुना_पीडब्ल्यूआय | रविवार, रात्री ८:३०

ताईंचं म्हणणं शंभर टक्के. खऱ्या लाइनीवर मात्र उलटं असतं, तिथे उन्हाळ्याची भीती. रूळ तापून लांबतो आणि जागा नसली की लाइन बाजूला फेकली जाते. त्यासाठी भर दुपारी खास गस्त घालावी लागते. तुमचा अडीच मीटरचा रूळ वीस अंशांच्या फरकाने मिलिमीटरभरसुद्धा वाढणार नाही, म्हणून तुमच्याकडे रुळापेक्षा लाकडाचाच ताप जास्त.

आता वळण. आम्ही वीस मीटर लांबीची दोरी रुळाच्या आतल्या कडेला दोन टोकांना धरायचो आणि मधोमध दोरी ते रूळ हे अंतर मोजायचो. त्याला व्हर्साइन म्हणतात. मग दहा मीटर पुढे जाऊन पुन्हा तेच. वळण सारखं असेल तर आकडेही सारखे येतात.

तुम्ही पुठ्ठ्याची नेमकी २०० मिमी लांबीची सरळ पट्टी कापा. बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला तिची दोन्ही टोकं टेकवा आणि मधलं अंतर मोजा. हिशोब सोपा आहे: पट्टीच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. तुमच्यासाठी ४०,००० भागिले ४,४००, म्हणजे ९ मिमी आणि वर केसभर. पट्टी १०० मिमी पुढे सरकवत सगळ्या वळणावर मोजा आणि आकडे वहीत लिहा. एखादा ८ किंवा १० आला तर घाबरू नका. पण शेजारच्या दोन आकड्यांत मोठी उडी दिसली तर तिथे सांधा असणार, हे मी तुमचा लेआउट न बघता सांगतो. फ्लेक्स रूळ टोकाशी सरळ व्हायला बघतो. दोन सरळ होऊ बघणारी टोकं भिडली की कोपरा होतो.

शेवटचं म्हणजे पीळ. काचेचा बोटभर रुंद, हातभर नाही, वीतभर लांब सपाट तुकडा दोन्ही रुळांवर ठेवा. एका कोपऱ्यावर बोट दाबून डुगडुगला तर एक रूळ खाली बसलाय. काचेच्या कडा घासून घ्या, नाहीतर बोट कापेल.

निवांत | रविवार, रात्री ९:०२

काका, आदर आहे, पण एवढं सगळं करेपर्यंत गणपती येऊन जातील.

जुना_पीडब्ल्यूआय | रविवार, रात्री ९:२०

दोन संध्याकाळींचं काम आहे. आणि हे खडीच्या आधी दोन संध्याकाळींचं आहे. खडीनंतर दोन महिन्यांचं.

पारसिकचा_बोगदा | पुढचा रविवार, दुपारी १:३०

अहवाल सादर करतो.

आधी लाजिरवाणी गोष्ट. नाण्याच्या चाचणीत यार्डातली तिसरी साइडिंग नापास. नाणं टेकवलं, बूस्टर ढिम्म. खाली वाकून बघतो तर फीडरची वायर भोकातून खाली आलेली, मुख्य लाइनीला नुसती पीळ देऊन ठेवलेली. डाग दिलाच नव्हता. त्या दिवशी बहुतेक जेवायला हाक आली असावी. शंटर मात्र आठवडाभर तिथे मजेत ये-जा करत होता.

कापूस सात ठिकाणी अडकला. त्यातली चार ठिकाणं त्या जुन्या पॉइंटवर.

टॉर्चची चाचणी करताना मी जमिनीवर आडवा, खोलीत अंधार, आणि शेजारचे काका साखर मागायला आले. पुढचं वर्णन नको.

व्हर्साइन: डावं वळण ९, ९, ८.५, ९, ९.५, ९. उजवं वळण ९, ९, ७, १३, ७, ९. आणि १३ जिथे आला तिथे सांधा. काका, तुम्ही नौपाड्यातून माझं वळण बघता की काय?

पण खरं कोडं पुढे आहे. अल्को डिझेल इंजिनाला चार आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या धर्तीचे) प्रवासी डबे जोडले, प्रत्येक २४.५ सेंमी लांब. ओढत नेले तर काही होत नाही. मागून ढकलले की तिसरा डबा लूपच्या तोंडाशी, त्या १३ वाल्या सांध्याच्या थोडा पलीकडे, घसरतो. दहापैकी सहा वेळा. तिसऱ्याला पहिला केला, तरी तोच घसरला. त्याच्या जागी दुसरा डबा लावला तर काही नाही. आणि तो डबा बाकी लेआउटवर कुठेही घसरत नाही. मग दोष कुणाचा?

निवांत | रविवार, दुपारी १:४१

डब्याचा. बाकी तीन डबे जातात म्हणजे रूळ पास. डबा कपाटात, खडी रुळात.

ओहमचा_नियम | रविवार, दुपारी १:५५

पण त्या डब्याला फक्त तिथेच का त्रास व्हावा? डबा वाईट असता तर चार ठिकाणी पडला असता.

जुना_पीडब्ल्यूआय | रविवार, दुपारी ४:००

हे भांडण मला फार ओळखीचं आहे. गाडी घसरली की रूळवाले डब्याकडे बोट दाखवतात आणि डबेवाले रुळाकडे. मग दोघेही टेप आणि गेज घेऊन पावसात उभे राहतात आणि सगळी मापं घेऊन एकाच कागदावर सह्या करतात.

अनुभवाने एवढं सांगतो. वेगवेगळे डबे एकाच जागी पडले तर रूळ बघा. एकच डबा वेगवेगळ्या जागी पडला तर डबा बघा. एकच डबा एकाच जागी पडला तर दोघांनाही थोडं थोडं दुखतंय, आणि एकत्र आले की त्यांना सहन होत नाही. नुसता डबा बाजूला ठेवलात तर रुळाचं दुखणं खडीखाली तसंच राहील. उद्या नवा डबा आणाल, तोही तिथेच पडेल.

डब्याचं वजन करा. एका आसावरच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर मोजा. आणि लूपच्या तोंडाशी उलटसुलट वळण आहे का ते सांगा.

सानपाडा_साइडिंग | रविवार, दुपारी ४:२५

काकांच्या जोडीला एक आधुनिक उपाय. मोबाइल रुळाच्या पातळीला आडवा ठेवा आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करा. डोळ्याला दिसतं, "गाडी पडली." चित्रणात दिसतं, कोणतं चाक आधी चढलं.

पारसिकचा_बोगदा | मंगळवार, रात्री १२:१५

झोप उडाली म्हणून आत्ताच लिहितोय.

सोळा वेळा चित्रण केलं. मागून धक्का येतो तेव्हा डब्याच्या पुढच्या बोगीचं बाहेरच्या बाजूचं चाक सांध्यापाशी येतं, रुळाच्या टोकावर क्षणभर टेकतं आणि चाकाची कड रुळाच्या माथ्यावर चढते. तिथून ते सरळ चालत जातं, अगदी ऐटीत, दोन-तीन स्लीपरांएवढं. आणि मग खाली. म्हणजे मी ज्या जागेकडे बघत होतो ती पडण्याची जागा होती. चढण्याची जागा त्याच्या आधी, त्या १३ वाल्या सांध्यावर.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिन्ही बाकीचे डबे १५० ग्रॅमच्या वर. हा ९८ ग्रॅम. चाकांमधलं अंतर १३.९ मिमी.

आणि हो, पॉइंटमधून डावीकडे बाहेर पडलं की लगेच उजवं वळण सुरू होतं. मध्ये सरळ रूळ जेमतेम चार बोटं.

ओहमचा_नियम | मंगळवार, सकाळी ८:१०

सगळे आरोपी एकाच खोलीत सापडले की.

वजनासाठी अमेरिकन मॉडेलवाल्यांच्या एनएमआरएचा ठोकताळा आहे. एचओत २८ ग्रॅम आणि वर लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम. तुमचा डबा साडेनऊ इंचांचा, म्हणजे १६० च्या पुढे हवा. लोखंडी वॉशर आत, अगदी तळाला चिकटवा, छताला नाही. चाकांमधलं अंतर एचओत साधारण १४.४ धरतात. चाक हळूच पिरगाळत बाहेर ओढा आणि पुन्हा मोजा.

खारघर_घाट | मंगळवार, सकाळी ९:३०

उलटसुलट वळणांच्या मध्ये निदान सगळ्यात लांब डब्याएवढा सरळ तुकडा हवा. नाहीतर एक डबा डावीकडे वळत असताना त्याला जोडलेला दुसरा उजवीकडे वळतो, आणि कपलिंग हलक्या डब्याला आडवं ढकलतं. ओढताना हे खपून जातं, ढकलताना नाही.

पारसिकचा_बोगदा | मंगळवार, सकाळी ९:४४

म्हणजे लूपचं तोंड उखडायचं.

जुना_पीडब्ल्यूआय | मंगळवार, सकाळी ९:५०

उखडा. खडी टाकली नाहीत म्हणून आज निव्वळ खिळे काढायचेत. नवा रूळ टाकताना दोन तुकडे आधी टेबलावर सरळ जोडा, दोन्ही सांध्यांना डाग द्या आणि मग अखंड वळवा. वळवलं की आतला रूळ टोकाला बाहेर येईल, तो शेवटी कापा. सांधा वळणात येणारच असेल तर त्याला कोपरा होऊ न देण्याचा हाच मार्ग आहे. फट ठेवायची ती सरळ भागात ठेवा.

निवांत | मंगळवार, सकाळी १०:०५

काका, माघार. रविवारी मी माझ्या लेआउटवर नाणं फिरवलं. चार जागी ट्रिप झालं नाही. माझी खडी तीन वर्षांपूर्वीच चिकटलीय.

पारसिकचा_बोगदा | पुढचा सोमवार, रात्री १०:५०

लूपचं तोंड नव्याने टाकलं. मध्ये २५ सेंमी सरळ तुकडा बसवण्यासाठी यार्डाची एक साइडिंग बळी दिली. तीच ती, डाग न दिलेली. व्हर्साइन आता ९, ९, ९, ९.५, ९, ८.५. डबा १६२ ग्रॅम, चाकं १४.४.

मग शंभर फेऱ्या, सगळ्या ढकलत. चिरंजीव वहीत रेघा मारत होता, पाचवी रेघ आडवी. पहिल्या साठात एकदा घसरला, तोही जुन्या पॉइंटवर. पॉइंट बदलला. पुढच्या चाळीसांत शून्य. नंतर बायकोने स्वतःहून रिमोट मागितला आणि पूर्ण वेगात गाडी उलटी सोडली. आयुक्तांची वेगचाचणी मी मंजूर मानतो.

खडी कालच टाकली. पॉइंटच्या सरकत्या पात्यांपाशी बोटभर जागा कोरडी सोडली. तरी एका पात्याखाली गोंद गेलाच, ब्लेडने सोडवला. रुळाच्या माथ्यावर गोंदाचा पापुद्रा बसला होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. पुन्हा सगळीकडे नाणं फिरवलं. पास.

सानपाडा_साइडिंग | सोमवार, रात्री ११:०५

अभिनंदन! देखाव्याचा विषय काय?

पारसिकचा_बोगदा | सोमवार, रात्री ११:१२

बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३. ठाणेकर म्हणून दुसरा विषय सुचला नाही.

निवांत | सोमवार, रात्री ११:१५

१८५३ च्या देखाव्यात अल्को डिझेल आणि आयसीएफ डबे? ती पहिली गाडी ओढणारी साहिब, सिंध, सुलतान ही तिन्ही वाफेची इंजिनं रडतील.

पारसिकचा_बोगदा | सोमवार, रात्री ११:१७

वाफेचं इंजिन पुढच्या वर्षी. यंदा पुठ्ठ्याचं स्टेशन, चौदा डब्यांच्या जागी चार, आणि चारशे प्रवाशांच्या जागी चिरंजीवाचे प्लास्टिकचे सैनिक.

पारसिकचा_बोगदा | गणेश चतुर्थी, रात्री ९:४०

धागा वर काढतोय.

सकाळी प्रतिष्ठापना झाली. गाडी दुपारी चारपर्यंत अखंड फिरली. संध्याकाळी आरती, घर भरलेलं, "घालीन लोटांगण" सुरू झालं, आणि डबा घसरला. लूपच्या तोंडाशी! तोच डबा! माझ्या पोटात गोळा आला. शंभर फेऱ्या, व्हर्साइन, वॉशर, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

आरती संपल्यावर टॉर्च घेऊन वाकलो. पॉइंटच्या मधल्या खाचेत, जिथून चाकाची कड जाते, तिथे तांदळाचा एक दाणा उभा रुतून बसला होता. कुंकू लावलेला. अक्षता.

ओहमचा_नियम | गणेश चतुर्थी, रात्री ९:५२

हे एनएमआरएच्या कोणत्याच गेजमध्ये येत नाही.

कापूर आणि उदबत्ती रोज होणार, तेव्हा काजळी आणि तेलकटपणा रुळावर बसेल. रोज रात्री एकदा अल्कोहोलने पुसा, पण आधी समई आणि उदबत्ती पूर्ण विझलेली असू द्या. तो भडका घेतो.

जुना_पीडब्ल्यूआय | गणेश चतुर्थी, रात्री १०:१०

आमच्याकडे त्यासाठी चावीवाला असायचा. पाना आणि हातोडा घेऊन रोज ठरलेल्या हद्दीत सगळी लाइन पायी चालायचा, सैल चाव्या ठोकत. तुमच्या घरी एक तयार आहे की.

पारसिकचा_बोगदा | गणपतीचा तिसरा दिवस, सकाळी ११:२५

नेमणूक झाली. चिरंजीव प्रत्येक आरतीआधी टॉर्च आणि माझा जुना टूथब्रश घेऊन पूर्ण फेरी तपासतो आणि "लाइन क्लिअर" ओरडल्याशिवाय घंटा वाजवू देत नाही. गुरुजींनाही थांबवलं.

आजच्या सकाळच्या फेरीत सापडलेला माल: अक्षता नऊ, झेंडूच्या पाकळ्या दोन, दूर्वेची एक काडी, आणि मी जुलैपासून शोधत असलेला कपलिंगचा स्क्रू.